व्याह्यांच्या घरचा मध

माझ्या व्याह्याने मला फसवलं. पैशात नव्हे, खाण्यात. माझ्यापासून लपवून त्याने मला मध खाऊ घातला आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा गेला. आमच्या नात्यातली माणसं ही हकीकत सांगतात तेव्हा सुरुवात त्याच्या पाहुणचारापासून करतात, आणि अंगठ्यापर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं असतं. म्हणून मी शेवट आधी सांगून टाकला.

माझं हिंदमाताला साड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या आधी त्याच रस्त्याच्या कडेला प्लास्टिक अंथरून मी ब्लाउजपीस विकत होतो. कोकणातून आलो तेव्हा वडिलांनी दिलेलं काही नव्हतं, पुढे सासऱ्यानेही काही दिलं नाही. घासाघीस ही एकच विद्या मला आली आणि तिच्यावर मी उभा राहिलो. गठ्ठा उघडला की व्यापारी वरच्या दोन-तीन साड्या अशा ठेवतो की बघणाऱ्याचं मन भरावं. मी त्यांना हात लावत नाही. मी तळातली साडी ओढतो, तिचा काठ उलटा करतो, आणि मग बोलायला लागतो. मला मालात कोणी फसवलेलं नाही. आवाज चढतो माझा, हे खरं आहे. पण चढलेल्या आवाजाने मी कधी कोणाचं नुकसान केलं नाही, माझं मात्र वाचवलं.

मुलीच्या लग्नात नवी मोजडी घातली होती. ती चावली. चावली हे मला कळलंच नाही, कारण साखरेच्या आजारात पायाला कळायचं बंद होतं. मोजडी काढली तेव्हा अंगठ्याशी फोड फुटलेला होता. परळच्या डॉक्टरीणबाईंनी तो बघितला, दाबला, आणि मला काही दुखत नाही हे पाहून त्यांचं तोंड पडलं.

"काका, साखर खाली आली तर हा अंगठा राहील. नाही आली तर राहणार नाही. मधलं काही नाही."

"थोडं तरी कमी-जास्त असेलच की," मी म्हणालो. सवयच ती.

"हे दुकान नाही, काका."

त्याच आठवड्यात जुम्म्याच्या नमाजाआधी मौलानांनी खाण्यावर बयान केलं. माणूस जी भांडी भरतो त्यांत पोटाइतकं वाईट भांडं दुसरं नाही. पाठ ताठ राहील इतके घास पुरे. तेवढ्यावर भागत नसेल, तर पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला. हे पैगंबरसाहेबांचं सांगणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण तेव्हा ते दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असं वाटायचं. त्या दिवशी अंगठ्याला पट्टी होती. पहिल्यांदाच ते मला चोख सौद्यासारखं वाटलं. तीन वाटेकरी, तिघांना सारखं, कोणावर अन्याय नाही. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, उद्यापासून मला मोठं ताट नको, छोटी बशी दे. तिने दिली. भूक थोडी शिल्लक असताना मी उठायला लागलो. अंगठ्याची जखम कडेने सुकायला लागली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या.

घरात हे जमलं. घराबाहेर जमेना.

मुलीचं लग्न नवीन. आमच्याकडे पहिल्या वर्षी दावती संपत नाहीत. व्याह्यांचं घर चिंचपोकळीला, स्टेशनजवळच्या चाळीत दोन खोल्या. जेवणाचा दस्तरखान अंथरला की जमीन संपते. मुलीच्या बापाला मानाची जागा, आणि ती सगळ्यात आतली, भिंतीला लागून. मांडी घालून बसलो की डावीकडे व्याह्याचा गुडघा, उजवीकडे त्याच्या भावाचा, समोर परात आणि पाठीला भिंत. मला उठायचं तर आधी अर्ध्या खोलीने उठायला हवं. आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय उठू नये हा तर अदबच.

विहीणबाई वाढायला आल्या की मी ताटावर हात धरायचो. त्या हात बाजूला होईपर्यंत पळी तशीच धरून उभ्या राहायच्या.

"भाऊ, एवढंच? आमच्या हाताला चव नाही का?"

"चव आहे म्हणून तर भीती वाटते, विहीणबाई."

"मग घ्या. माझी शपथ आहे तुम्हाला."

त्यांच्या मागे माझी मुलगी तांदळाच्या भाकऱ्यांची थाळी घेऊन उभी असायची. तिचं माझ्याकडे लक्ष नसायचं, माझ्या हाताकडे असायचं. हात तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी तिला काय ऐकावं लागेल हे मला पाठ होतं. तुझ्या अब्बांना आमचं जेवण चालत नाही बाई, मोठ्या दुकानाचे मालक ते. मी हात काढायचो.

दावत आली तर नाकारू नये. ताटात आलेलं टाकू नये, बरकत कुठल्या घासात ठेवलेली असते ते माणसाला माहीत नसतं. आणि पोट गच्च भरू नये. एकेक शिकवण घेतली तर सोन्यासारखी. पण तिन्ही एकाच पंगतीत पाळायच्या तर वाढणाराही तोच धर्म पाळणारा हवा. खाणाऱ्याने पाळून काय होतं? बाजारात मी नाही म्हणतो तिथून सौदा सुरू होतो. दस्तरखानावर नाही म्हटलं की नातं बिघडायला सुरुवात होते, आणि ते बिघडलेलं नातं घेऊन त्या दोन खोल्यांत राहायचं असतं मुलीने.

मी मौलानांना गाठलं. विचारलं, न जाण्याची काही वाट आहे का? ते म्हणाले, जायला हवं. मग विचारलं, जाऊन न खाण्याची? ते हसले. म्हणाले, रोजा असेल तर खाऊ नका, घरवाल्यासाठी दुआ करा आणि या. त्यात काही गैर नाही.

फट सापडली की मला कळतं. सोमवार आणि गुरुवारचा नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजा ही सुन्नत आहे, पैगंबरांची रीत, कोणी नावं ठेवू शकत नाही. मी तो धरायला लागलो, आणि दावतीचं बोलावणं आलं की म्हणायचो, सोमवारी येतो, गुरुवारी येतो. डॉक्टरीणबाईंना हे आवडलं नाही. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या आणि बजावलं, "चक्कर आली तर तिथल्या तिथे सोडायचा. देव रागावणार नाही, मी रागावेन."

शेजारचा दुकानदार मालवणी, शंकराचा सोमवार करणारा. दुपारी दोघंही आपापल्या गादीवर सुकलेली तोंडं घेऊन बसलेलो असायचो. तो म्हणाला, "मेल्या, तुझो नि माझो सोमवार एकच झालो. फरक इतकोच, माका साबुदाणो गावता."

थोडे दिवस बरे गेले. मी जायचो, भिंतीला टेकून बसायचो, दुआ करायचो, परत यायचो. मग विहीणबाईंनी फट बुजवली. रोजेदाराला इफ्तार घडवायचं पुण्य मोठं असतं, आणि ते आपल्या घराला मिळत असताना दुसऱ्याच्या घरी का जाऊ द्यायचं? त्यांनी दावती दुपारच्या संध्याकाळवर नेल्या. सोमवारी व्याह्यांच्या भावाकडे, गुरुवारी व्याह्यांकडे. दिवसभराचा उपाशी माणूस, सूर्यास्ताची मगरीबची अजान, समोर भजी, समोसे, सरबत, खिमा, वर नारळाच्या दुधातली सांदणं. आता मी रोजा आहे असंही म्हणू शकत नव्हतो. रोजा होता म्हणूनच तर ते सगळं मांडलेलं होतं. मी स्वतः शोधलेल्या वाटेने मी त्याच भिंतीपाशी येऊन बसलो होतो, आणि आता आठवड्यातून दोनदा.

जखम पुन्हा ओली झाली.

तेव्हा मी सौदा करायचं ठरवलं. विहीणबाईंशी नाही, व्याह्याशी. त्याचं गिरगावात खजूर, सुका मेवा आणि मधाचं दुकान आहे. गिरगावातल्या बायका उपासाचा खजूर आणि राजगिरा त्याच्याकडून नेतात आणि जाताना मधाची बाटली घेतात. घेतात, कारण हा प्रत्येकीच्या तळहातावर मधाचा एक थेंब ठेवतो आणि ती चाटेपर्यंत काही बोलत नाही. विकण्याची रीत म्हणून मला ती आवडली होती. मी त्याला पट्टी सोडून अंगठा दाखवला.

"भाईजान, हा जायची वेळ आलीय. तुमच्याकडे येणं मी सोडणार नाही. पण तळलेलं नाही, भात नाही, साखर नाही. एक खजूर आणि पाणी, आणि वर एखादं साधं काहीतरी. कबूल?"

त्याने अंगठा बघितला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, हे मी नाकारत नाही.

"भाईसाहेब, आधी बोलायचं नाही का? तलबीना देतो तुम्हाला. जवाचं पीठ दुधात शिजवायचं, बस. आजाऱ्याला आणि दुःखी माणसाला हेच द्यायचं सांगितलंय. सुन्नत आहे."

"साखर?"

"एक दाणा नाही."

आम्ही हातावर हात मारला. आयुष्यात केलेल्या सौद्यांत मला सगळ्यात जास्त समाधान ह्या सौद्याचं झालं होतं. घेणाराही खूश, देणाराही, आणि वर धर्माचं पाठबळ.

तलबीना चांगला निघाला. दाट, मऊ, पोटाला हलका. मी एकदा म्हणालो, गोडसर लागतो. विहीणबाई म्हणाल्या, दूध आटवते मी, दुधाची गोडी आहे. मला तो आवडला हे पाहून त्या रोज डबा पाठवायला लागल्या. मुलगी दादरला नोकरी करते. सकाळी ऑफिसला जाताना ती दुकानात यायची, डबा ठेवायची, म्हणायची, "अब्बा, संपवलाच पाहिजे असं नाही हं." मी म्हणायचो, अन्न टाकू नये. रोजा नसेल त्या दिवशी तो न्याहारीला, रोजा असेल त्या दिवशी संध्याकाळी. घरची बशी मी आणखी लहान केली, कारण डब्याचा हिशोब धरायला हवा होता. एक हिस्सा म्हणजे एक हिस्सा.

साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"काका, खरं सांगा. बाहेर काय खाता?"

"जवाची पेज खातो. पैगंबरांनी सांगितलेली."

"आणि अजून?"

"मी खोटं बोलतोय?" माझा आवाज चढला. बाहेरचे पेशंट दारातून बघायला लागले. त्यांनी गोळी बदलली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पुन्हा बदलली. अंगठ्याचा रंग मला आवडेना. चोख सौदा पाळणाऱ्या माणसाची साखर वाढते कशी, हे मला कळत नव्हतं, आणि विचारायला गेलो तर सगळे माझ्याकडेच बघत होते. बायकोसुद्धा माझे खिसे चाचपायला लागली, मिठाईच्या तुकड्यांसाठी.

मग एका सकाळी लग्नाचा बस्ता घ्यायला अख्खं खानदान दुकानात आलं. डबा अर्धा खाल्लेला तसाच गल्ल्यामागे राहिला. बस्ता दुपारपर्यंत चालला. परत आलो तर डब्यावर मुंग्यांची रांग. शेजारचा मालवणी सुट्टे मागायला आला होता. त्याने रांग बघितली, डबा बघितला.

"जवाच्या पेजेक मुंगयो?" तो म्हणाला. "मेल्या, मुंगयो खोटा बोलनत नाय."

मी मुंग्या झटकल्या. चमचा तळाशी घातला, जिथे मी साडीला हात घालतो तिथे, आणि जिभेवर ठेवला. चव ओळखीची होती. गिरगावात तळहातावर ठेवलेल्या थेंबाची.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, रोज्याचा. संध्याकाळी मी चिंचपोकळीला गेलो. ठरवून गेलो होतो की दारातच बोलायचं. पण दारात भाचवंडं होती, व्याह्याचा भाऊ होता, या या भाईसाहेब करत त्यांनी मला आत, आणखी आत, माझ्या जागेवर नेऊन बसवलं. भिंत पाठीला लागली. गुडघे दोन्हीकडून आले. समोर एक खजूर, पाणी, आणि तलबीन्याचा वाडगा.

"भाईजान," मी म्हणालो, "ह्यात मध आहे?"

"आहे की," व्याही म्हणाला. लपवाछपवी नाही, काही नाही. "म्हणून तर गुण येणार."

"साखर नाही असं ठरलं होतं आपलं."

"साखर कुठेय? एक दाणा दाखवा. भाईसाहेब, मध आणि साखर एक कसं होईल? मधात शिफा आहे, आजार बरा करायचा गुण आहे, हे मी सांगतोय का? कुराणात आहे. तुम्ही काय डॉक्टरणीचं जास्त मानता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भांडण करायला मला जागा हवी असते, हात फिरवायला, उठून उभं राहायला. तिथे मला गुडघा हलवता येत नव्हता. आणि म्हणणार तरी काय? मध शिफा आहे हे मीही मानतो. त्याने माझ्या तोंडासमोर अशी गोष्ट धरली होती जी मी खोडू शकत नव्हतो, खोडायची नव्हतीच मला. माझ्या जिभेवर दुसरंच काहीतरी आलं होतं, ते जर बाहेर पडलं असतं तर चाळीच्या खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असतं. मी वर बघितलं. मुलगी चुलीच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात पळी. तिने मान हलवली. इतकी थोडी की फक्त मला दिसावी.

अजान झाली. रोजा मी सोडल्याशिवाय कोणी खजुराला हात लावेना, पाहुणा मी होतो. मी खजूर घेतला. पाणी प्यालो. मग वाडगा उचलला आणि खाल्ला. तळापर्यंत खाल्ला, कारण अन्न टाकायचं नसतं.

"बघा," विहीणबाई म्हणाल्या, "आवडतो भाऊंना."

त्यानंतर मी रोजे थांबवले, डबा थांबवला, दुकानाच्या कामाचं निमित्त सांगून जाणंही कमी केलं. पण उशीर झाला होता. अंगठा काळा पडला आणि मग काढावा लागला. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

हॉस्पिटलात व्याही आला तो बरणी घेऊन. म्हणाला, ताजा जंगली मध आहे, जखमेवर लावा, लवकर भरेल. विहीणबाई खाटेशी बसून रडल्या आणि म्हणाल्या, आम्ही एवढी सेवा केली तरी नशिबात होतं ते झालं. मी सलाइनला बांधलेला होतो. भिंत पुन्हा माझ्या पाठीशीच होती. भेटायला आलेल्या प्रत्येकाला व्याह्याने तलबीन्याची गोष्ट सांगितली आणि प्रत्येकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारी सगळे गेल्यावर मुलगी राहिली. बरणी तिने खिडकीतून उचलून खाटेखाली ठेवली.

"अब्बा, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मीच ढवळायचे. त्या बघत नसल्या की कमी घालायचे, अर्धाच चमचा. त्या बघत असल्या की..."

"मला एक शब्द सांगायचा होतास."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकान टाकून तिथे आला असता. सगळ्या चाळीने ऐकलं असतं. मग तुम्ही परळला आपल्या घरी गेला असता, अब्बा. मी तिथेच राहिले असते."

ती पाय चेपायला लागली, डावा, आणि उजव्याशी आली तेव्हा चादरीवर नुसता हात ठेवून बसली.

मुलीला मी जाब विचारणार नाही. ती माझ्यासारखीच भिंतीला लागून बसलेली आहे, फक्त तिची पंगत उठत नाही. मौलानांनाही विचारणार नाही, त्यांनी सांगितलेल्यात खोट नव्हती.

मी व्याह्याला विचारतो. भाईजान, मधात शिफा आहे, मला कबूल आहे, तो वाद तुमच्याशी घालत नाही. पण ज्या कुराणात मध आहे त्यातच खा-प्या पण अतिरेक करू नका हेही आहे, आणि माझ्यासाठी अतिरेक कुठे सुरू होतो त्याची खूण मी तुम्हाला पट्टी सोडून दाखवली होती. तुम्ही ती डोळ्यांत पाणी आणून बघितलीत. मग तुमच्या घरून रोज सकाळी माझ्या दुकानात मध येत राहिला आणि मी गोडसर लागतो म्हणालो तेव्हा तुमच्या घराने मला दुधाची गोडी सांगितली. गिरगावात अनोळखी बाईच्या तळहातावर तुम्ही मध उघड ठेवता, ती चाटेपर्यंत थांबता. मी तुमचा व्याही. मला तो झाकून का दिलात?

हिंदमाताला या. दस्तरखान अंथरलेला नसेल, खायला काही नसेल, बसायला खुर्ची देईन आणि दार उघडं ठेवीन. शिफा होती तर लपवली का, एवढं एकच सांगा. अंगठा माझा गेलाय. उत्तर तुम्ही द्यायचं आहे.